खुनी नसलेला बंगला

दौलत, आज दुकान उघडलं.

तू गेल्यापासून फळ्या लावूनच होत्या. कुलूप काढलं, पुस्तकांवरची धूळ झटकली, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते रेल्वे क्वार्टरमधल्या शकूबाई. त्याच त्या, भाड्याने रहस्यकथा नेण्याआधी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचून घेणाऱ्या. आज त्यांनी पुस्तक मागितलं नाही. पदराने डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "गंगाधरभाऊ, दौलतभाऊच्या बंगल्यात खुनी कोन होता? तुमाले सांगून गेले का?"

मला संतापच आला. माणूस गेला त्याचं दुःख अजून डोळ्यांतून उतरलं नाही आणि हिला खुनी पाहिजे. पण तू असतास तर उडी मारली असतीस. तुझी कादंबरी छापलेली नाही, पुरी झालेली नाही, आणि तरी बल्लारपुरातली एक बाई तिचा शेवट विचारत दारात उभी. मी म्हटलं, उद्या या, सांगतो. आता दुपारी दुकान बंद करून तुलाच लिहायला बसलोय, कारण हे भांडण तुझं-माझं आहे आणि आधी तुझ्याशी मिटवायला हवं.

तू पेपर मिलमध्ये कटर खात्यात होतास. कागदाच्या कडा कापून उरलेल्या लांब अरुंद पट्ट्या घरी आणायचास आणि त्यांच्यावर लिहायचास. पट्टी अरुंद म्हणून वाक्यंही आखूड. सुतळीत ओवलेल्या त्या पट्ट्या घेऊन रविवारी सकाळी दुकानात यायचास, स्टुलावर बसायचास आणि वाचायचास. चार-सहा माणसं हमखास जमायची. पुस्तक परत करायच्या निमित्ताने यायची आणि तुझं प्रकरण संपेपर्यंत हलायची नाहीत. माझा धंदा त्या तासाभरात बसायचा, हे मी तुला दर रविवारी ऐकवायचो.

जंगलातला एक बंगला. एसटी बिघडली म्हणून तिथे मुक्कामाला आलेली चार अनोळखी माणसं. लाच खाऊन सागवान सोडणारा रेंजर, तडफडता पेशंट टाकून निघून गेलेली नर्स, भावाची जमीन लाटलेला मालगुजाराचा पोरगा, आणि चुनखडीच्या खाणीवरचा मुकादम, ज्याच्या शिवीने एक मजूर कड्याच्या टोकापर्यंत गेला होता. एकही धड नाही. आणि रोज सकाळी त्यांच्यातलं एक जण खोलीत मेलेलं सापडतं. दार आतून लावलेलं. अंगावर ओरखडा नाही. उरलेले एकमेकांकडे बघतात, एकमेकांची पापं बाहेर काढतात. पाचवा माणूस तिथला चौकीदार. तो सैपाक करतो आणि गप्प राहतो.

तुझं म्हणणं होतं, खुनी कोणीच नाही.

"घर मारते," तू म्हणायचास. "मानूस नाई."

"अरे, घर कसं मारंल? घराले हात हायेत का?"

"त्याचाच तर विचार करून राह्यलो."

"तू विचार करत बस. लोकाईले खुनी लागते. पैसे देऊन पुस्तक नेते मानूस, शेवटी त्याले एक मुंडकं पाहिजे. चौकीदाराले कर ना खुनी. सैपाक त्याच्या हातात, किल्ल्या त्याच्या हातात. पटते लगेच."

तू पट्ट्या गुंडाळायचास. "पटते, कारन गरिबाच्या नावावर बिल फाडनं सोपं असते. आमच्या वस्तीत पोलीस आधी यायचे गंग्या, चोरी मागून समजे."

तू हे चिडून सांगायचा नाहीस, म्हणून तर माझी जास्त चिडचिड व्हायची. तुझ्या वडिलांना मालगुजाराच्या वाड्यावर हरवलेल्या चांदीच्या तांब्यापायी दोन दिवस बांधून ठेवलं होतं आणि तांब्या विहिरीत सापडला, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणायचो, कादंबरी वेगळी, जिंदगी वेगळी. आणि तू म्हणायचास, वेगळी असती तर मी कशाला लिहिली असती.

तो बंगला खरा होता, हे दुकानातल्या कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्या साळ्याच्या लग्नाला कुरखेड्याकडे गेलो होतो, आठवतं? परतीची एसटी घाटात बसली, ड्रायव्हर म्हणाला गाडी उद्या निघेल, आणि आपण सगळे उतारू एका जुन्या लाकूड-ठेकेदाराच्या बंगल्याच्या ओसरीवर जाऊन टेकलो. मालक नागपूरला, बंगला मासूच्या भरवशावर. मासू तिथलाच गोंड, मागे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपडीत राहणारा. त्याने सगळ्यांना भात रांधून घातला. आणि बंगल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, सुकलेल्या फांद्यांचा एक मोठा ढीग होता. तू विचारलंस हे काय. मासू म्हणाला, इथे वाघाने एका बाईला नेलं होतं, लई वर्षं झाली. येणारा-जाणारा एक फांदी टाकून पुढे जातो.

"मंग त्या वाघाचं काय केलं?" तू विचारलंस.

मासूने तुझ्याकडे पाहिलं. "वाघाचं काय करतेत दादा? त्याले कोनी खुनी म्हनते का?"

तू ऐनाच्या झाडाची एक डहाळी मोडलीस आणि ढिगावर टाकलीस. मी हसलो होतो, बौद्ध माणूस तू, फांद्या कसल्या टाकतोस म्हणून. तू म्हणालास, मेलेल्या बाईसाठी टाकली, देवासाठी नाही. कादंबरी तिथेच सुरू झाली, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

या हिवाळ्यात तू मिलमधून रजा टाकलीस. बंगला तीन प्रकरणांपासून अडला होता. मी नेहमीचं ऐकवलं, चौकीदाराला फासावर चढव आणि मोकळा हो. तू घाटातल्या त्या बंगल्यावर जायला पिशवी भरत होतास.

"घरालेच जाऊन विचारतो," म्हणालास. "कसं मारते ते."

दौलत, तुझं-माझं शेवटचं बोलणं हे. त्यात निरोपासारखं काही नव्हतं. मी विचारलं, घोंगडी घेतली का, तिकडे थंडी मरणाची असते. मरणाची म्हणालो मी. तू म्हणालास, शेगडी मागून घेईन.

मिलच्या फोनवर निरोप आला, त्या बंगल्यात तुझा जीव गेला म्हणून. सुमनवहिनी, तिचा भाऊ आणि मी जीप करून निघालो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली तरी रस्ता तोच होता, खड्ड्यांसकट. आरमोरी मागे पडल्यावर वहिनी एकदम म्हणाली, "त्यानंच काई खाऊ घातलं असंल."

"कोनं?"

"त्या चौकीदारानं. दुसरं होतं कोन तिथी?"

इतकी वर्षं मी तुला हेच तर सांगत आलो होतो.

ठाण्यात मासू भिंतीशी उकिडवा बसला होता. मारलं-बिरलं नव्हतं कोणी त्याला, गरजच पडली नव्हती. ठाणेदार तरुण होता, तसा बरा. तो म्हणाला, "कबूल करून राह्यला तो. आमी विचारायच्या आधीच."

मी मासूसमोर बसलो. त्याने मला ओळखलं. मान खाली घालूनच म्हणाला, "इस्तो मीनंच देला दादा. साहेबानं शेगडी मांगली, मीनं निखारे भरून देले. सकाळी उठलेच नाई. माझ्या हातचा इस्तो. मीनंच मारलो."

मागे वहिनीचा हुंदका फुटला. तिला पाहिजे होतं ते मिळालं होतं. आणि ऐक, त्या एका क्षणी मलाही ते पटलं. चौकीदार, बंद खोली, कबुली. मी तुला सुचवलेला शेवट अस्साच्या अस्सा समोर उकिडवा बसला होता.

वहिनी आणि तिचा भाऊ दवाखान्यात तुझ्यापाशी गेले. मला हवालदाराबरोबर तुझं सामान आणायला बंगल्यावर पाठवलं. दुपारचं ऊन होतं, पण त्या खोलीत ऊन शिरत नव्हतं. भिंती हातभर जाड. खिडक्यांना काचा, आणि काचांच्या फटींत तू वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. दाराखालच्या फटीत पोतं. थंडी तुला कधीच सोसली नाही. पलंगाखाली मातीची शेगडी होती, राखेने भरलेली, जशी तुझ्या घरी पलंगाखाली दर हिवाळ्यात असते. तिच्यावर पाय शेकत मी किती वेळा चहा प्यायलोय.

पिशवी उचलली. पट्ट्यांचा गुंडा टेबलावर होता, तोही घेतला. शेवटच्या पट्टीवर मुकादम अजून चहाच पितोय. मग सवयीने वर बघितलं. तुझ्या घरी पलंगावर बसलं की वर बघायची मला सवय होती. छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसायचे आणि मी तुला चिडवायचो, दौलतराव, अंथरुणातून न उठता चांदण्या मोजता, ऐश आहे. इथे वर बघितलं तर काळ्या सागाच्या फळ्या. एकीला एक चिकटून बसलेल्या. उजेडाचा टिपूस नाही.

मी हवालदाराला दार ओढून घ्यायला सांगितलं. घट्ट बसलं ते. बाहेर कोंबडं ओरडत होतं, तेही ऐकू येईना.

बल्लारपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खाणीत गॅस लागून माणसं झोपल्यासारखी जातात. आपल्या गल्लीतून दोन गेली. पण तो गॅस खाणीतला, जमिनीखालचा. घरातल्या विस्तवाला कोणी भ्यायचं का? आपली घरंच अशी, की विस्तव खुशाल ठेवावा. धूर, वाफ, ऊब, सगळं कवेलूंतून निघून जातं. पोरं आजारी पडतात ती थंडीने. आपण जन्मभर गळक्या छपराला शिव्या दिल्या दौलत, आणि त्या छपरानेच आपल्याला जगवलं. पहिल्यांदा पक्क्या साहेबी खोलीत निजलास आणि निजतानाची तीच जुनी सवय बरोबर घेऊन गेलास. मी गेलो असतो तर मीही शेगडी तिथेच ठेवली असती.

दार आतून लावलेलं. अंगावर ओरखडा नाही. घर मारतं, माणूस नाही. तुझी सगळी कोडी त्या खोलीत एका पलंगाखाली सुटलेली होती आणि सोडवणारा दवाखान्यात चादरीखाली. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. हवालदार बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाल लालभडक होते, मलाही तीच शंका आली. नागपूरचा अहवाल यायला वेळ लागेल, पण विषाची काही खूण नाही, कोळशाची वाफच दिसते, एवढं मी आज लिहून देतो. वहिनीने विचारलं, त्रास झाला का? डॉक्टर म्हणाले, नाही बाई, झोपेतच. तुझ्या कादंबरीत सगळे डोळे फाडून मरतात. ते तेवढं तुला बदलावं लागलं असतं.

तो कागद घेऊन ठाण्यात गेलो. ठाणेदाराने तो दोनदा वाचला.

"बरं. मंग मारलं कोनं?"

"कोनीच नाई."

"असं कसं कोनीच नाई? मानूस मेला ना? त्यात हा स्वतःच म्हनून राह्यला, मी मारलो. मी कागदावर काय लिहू?"

मला हसू आलं रे. त्या जागी, त्या वेळी. हे माझेच शब्द होते, रविवारचे. आणि तुझी बाजू मांडायला तिथे मी एकटाच. मी त्याला घरं समजावली: तुझं घर, माझं घर, तो बंगला. कवेलू, फळ्या, दाराखालचं पोतं. मी म्हटलं, साहेब, लिहा की खोली बंद होती. दार किती घट्ट बसतं ते हवालदाराने सांगितलं. ठाणेदाराने खोली बंद होती असं लिहिलं. शेवटी म्हणाला, "ठीक हाये. घेऊन जा त्याले."

पण मासू उठेना.

"देनारा हात माझा होता," तो म्हणाला. "तुमी लाख सांगा दादा."

कायद्याने सोडलं आणि माणूस स्वतःला सोडेना. तुझ्याकडे यावर उत्तर असतं. माझ्याकडे तुझंच एक होतं, तेच वापरलं. "मासूभाऊ, रस्त्यावर त्या बाईले वाघानं नेलं, तवा तिले त्या वाटेनं धाडलं कोनं होतं?"

"तिच्या सासूनं. लाकडाले."

"मंग सासूले कोनी काई म्हनलं?"

"नाई." मग मान वर करून, "तिनंच पयली फांदी टाकली."

तो उठला.

वहिनीने हट्ट धरला, माणूस जिथे गेला ती जागा बघितल्याशिवाय मी त्याला नेणार नाही. पुन्हा जीप बंगल्याकडे. मासू मागे, पार कडेला, अंग चोरून. वहिनीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. डॉक्टरांचं तिने ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. तिला एक मुंडकं पाहिजे होतं, आणि ते तिच्या मागे हातभर अंतरावर बसलं होतं.

फाटकापाशी मासू उतरला. पळसाची एक फांदी मोडली आणि फाटकाच्या आत, पायरीशी ठेवली. घरासमोर, जशी वाघाच्या जागी ठेवतात तशी. मग बाजूला होऊन उभा राहिला.

वहिनीचं माहेर तिकडचंच. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती त्या एकट्या फांदीकडे बघत राहिली. मग आत गेली, खोली बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, छत बघितलं. तू कोंबलेला एक बोळा तिने खिडकीतून उपसून काढला आणि मुठीत धरला. बाहेर आली, खाली बसली, आणि तुझ्या नावाने जे रडायचं ते तेव्हा रडली. भाऊ तिला धरायला गेला, मी त्याला थांबवलं.

नंतर तोंड पुसून ती म्हणाली, "मासूभाऊ, चहा ठेवता का?"

त्याने मागच्या झोपडीतून काळा चहा करून आणला, दोन कप. वहिनीसमोर आला आणि थबकला. मग त्याने तिच्यासमोरच एका कपातला घोट स्वतः घेतला, चहात काही नाही हे दिसावं म्हणून, आणि दुसरा, न उष्टावलेला कप तिच्यापुढे केला. वहिनीने हात पुढे केला तो त्याने उष्टावलेल्या कपाकडे. तो घेतला आणि सगळा प्याली.

निघताना तिने फांदी टाकली. मग मी टाकली. ऐनाचीच मिळाली, हसू नकोस.

दौलत, तू जिंकलास. हरण्याचं मला काही नव्हतं, पण असं हरायचं नव्हतं. रविवारी स्टूल रिकामं राहणार, त्याची धास्ती आत्तापासूनच वाटतेय. आणि एक सांगायचं राहिलं ते असं की, तू विचारायचास "कशी वाटली?" आणि मी म्हणायचो "खपणार नाई". खपणार नाही हे खरंच आहे. पण तू वाचत असताना मी पुढल्या रविवारची वाट बघायचो, एवढी वाट मी माझ्या दुकानातल्या कुठल्याच पुस्तकाची बघितली नाही. हे तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास, म्हणून नाही सांगितलं.

वहिनी म्हणाली, तुमीच पुरी करा. मी लेखक नाही, पुस्तकं भाड्याने देणारा माणूस आहे. तरी पट्ट्या बांधून घेतोय, पुठ्ठा घालून. शेवटचं प्रकरण माझ्या अक्षरात असेल, आखूड वाक्यांत. मुकादम चहा संपवेल, थंडी वाजतेय म्हणून शेगडी मागेल, फटी बुजवेल. कसं ते आता मला माहीत आहे. मागून त्याची बायको बंगल्यावर येईल. पुस्तक खालच्या फळीवर ठेवीन, रहस्यकथांत.

उद्या शकूबाई येतील, त्यांना थोडे दिवस थांबा म्हणेन. पुस्तक तयार झालं की हातात घेतील आणि उभ्या उभ्या आधी शेवटचं पान उघडतील. तिथे खुनी नसेल, एक विधवा बाई चौकीदाराने उष्टावलेला चहा पीत असेल. मग त्यांना पहिल्या पानापासून वाचावं लागेल.